साथ आली तरी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार तुटू नयेत म्हणून : नाशिक जिल्ह्यासाठी सविस्तर उत्तर

जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरांनी विचारलं आहे : कोविडसारखी साथ पुन्हा आली, खाटा साथीच्या पेशंटनी भरल्या, एसटी आणि रेल्वे बंद पडली, तर स्तनाच्या कर्करोगाच्या बायकांचे उपचार कमी पैशांत आणि मोजक्या तज्ज्ञांत चालू कसे ठेवायचे? काय थांबवलं तर चालेल आणि काय अजिबात थांबवायचं नाही?

ताई, कोण थांबू शकते हे गाठीचा प्रकार ठरवतो. टाळेबंदीची तारीख किंवा ओपीडीतली गर्दी ते ठरवत नाही. सरसकट सगळं बंद करणं जितकं चूक, तितकंच सगळ्यांना पूर्वीच्याच तारखांना बोलावत राहणंही चूक. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांनी २०२० च्या मार्च ते मेचे सगळ्या कर्करोगांचे आकडे आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिले. मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी घटली होती, डे केअरमधली, म्हणजे दाखल न होता दिवसात घेऊन घरी जायची, केमो ३७ टक्क्यांनी आणि रेडिएशन २३ टक्क्यांनी. नवीन पेशंटची नोंदणी मात्र ५४ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे ज्यांचे उपचार सुरू होते त्यांतले बरेच जण कसेबसे पोचले. सगळ्यात मोठी गळती दाराबाहेरच झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात स्तनाच्या ऑपरेशनला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ८ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. आठवडे असे मोजूनच खर्च करायचे आहेत.

म्हणून साथीत सगळ्यात आधी जपायची गोष्ट आहे तुकड्याची तपासणी (बायोप्सी) आणि रिसेप्टरचा रिपोर्ट : इआर, पीआर आणि हर-टू. इआर-पीआर सांगतात की गाठ बाईच्या संप्रेरकांवर (हॉर्मोनवर) वाढते का, आणि हर-टू हे गाठ वेगाने वाढवणारं प्रथिन. हा रिपोर्ट हातात नसेल तर कोणाला हॉर्मोनविरोधी गोळीवर थांबवायचं आणि कोणाची केमो याच आठवड्यात सुरू करायची हे कळत नाही, आणि मग भीतीपोटी सगळ्यांनाच थांबवलं जातं.

तुकडा घेण्याचं काम तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकतं. १४ गेजची ट्रू-कट सुई, भूल देण्यासाठी लिग्नोकेन, चार ते सहा तुकडे. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून केलेल्या एफएनएसीवर थांबू नका. त्यातून कर्करोग आजूबाजूला पसरू लागला आहे की नाही हे सांगता येत नाही आणि रिसेप्टरही भरवशाने करता येत नाहीत. ‘एवीतेवी कापायचंच आहे’ म्हणून स्थानिक सर्जनने गाठ अर्धवट काढणं तर टाळाच. पुढचं ऑपरेशन अवघड होतं, आणि केमोने गाठ किती विरघळतेय हे पाहायला गाठच उरत नाही.

तुकडे काढल्या काढल्या १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) टाका. फॉर्मॅलिन तुकड्यांच्या किमान दहापट असावं. बरणीवर नाव, कोणती बाजू, तारीख आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहा. तुकडा किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये राहायला हवा. इथे नेहमीच्या चुका तीन. एक, फॉर्मॅलिन संपलं म्हणून सलाईनमध्ये पाठवलेला तुकडा : तो सडतो. दोन, घाईत दोन-तीन तासांतच बाहेर काढलेला तुकडा : इआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, आणि बाईची पाच वर्षांची गोळी हुकते. तीन, आणि साथीत हीच सगळ्यात जास्त होते : कुरिअर बंद म्हणून आठवडाभर टेबलावर पडून राहिलेली बरणी. यावर सोपा उपाय आहे. जवळच्या पॅथॉलॉजी लॅबकडून किमान तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक तरी करून घ्यायचा. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, रिसेप्टरची तपासणी दहा दिवसांनी नाशिकला किंवा मुंबईला झाली तरी चालते. फक्त एप्रिल-मेच्या उन्हात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून पाठवू नका, मेण मऊ पडतं. कापसात गुंडाळून, डबीत, सावलीत. आणि ब्लॉक-स्लाइड कुठे गेल्या याची नोंद बाईच्या केसपेपरवर असू द्या. उपचाराचं रुग्णालय अचानक बदलावं लागलं तर नवीन डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.

रिपोर्ट आला की बायकांचे गट आपोआप पडतात.

इआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह, गाठ ऑपरेशन होण्याजोगी, पाळी कायमची गेलेली : ही बाई थांबू शकते, पण औषधाशिवाय नाही. लेट्रोझोल २.५ मि.ग्रॅ. रोज एक गोळी. या गोळीवर ऑपरेशन काही महिने, गरज पडली तर सहा महिन्यांपर्यंत, पुढे नेता येतं. पाळी चालू असलेल्या बाईला एकटं लेट्रोझोल कधीही देऊ नका, ते चालत्या बीजकोशांना उलट चेतवतं. तिला टॅमॉक्सिफेन २० मि.ग्रॅ. रोज, किंवा बीजकोशांचं काम थांबवणाऱ्या इंजेक्शनसोबत लेट्रोझोल. हे इंजेक्शन महिन्याचं मिळतं तसं तीन महिन्यांचंही मिळतं. साथीत तीन महिन्यांचं घ्या. एक फसवी जागा आहे : केमोमुळे थांबलेली पाळी म्हणजे रजोनिवृत्ती नव्हे. बाई ४२ वर्षांची असेल आणि पाळी केमोनंतर बंद झाली असेल, तर तिला पाळी चालू असलेल्यांतच धरा. गोळ्या एकदम तीन महिन्यांच्या द्या, म्हणजे दहाच्या नऊ स्ट्रिप. गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी फोन करा आणि तिसऱ्या महिन्यात गाठ मोजा. स्केल किंवा कॅलिपरने लांबी-रुंदी मि.मी.मध्ये लिहायची, ‘कमी वाटते’ असं नाही. गाठ वाढत असेल तर वाट पाहणं तिथेच संपलं. टॅमॉक्सिफेनवर असताना एका पायाला सूज आली किंवा एकदम दम लागला तर रक्ताच्या गुठळीचा विचार करा. कोविडही गुठळ्या करतो, त्यामुळे ऑक्सिजनवर दाखल झालेल्या बाईची ही गोळी तेवढ्यापुरती थांबवायची का, हे तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

ट्रिपल निगेटिव्ह (इआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) आणि हर-टू पॉझिटिव्ह बायका थांबू शकत नाहीत. ऑपरेशनची तारीख मिळत नसेल तर केमो आधी सुरू करा. मोठ्या गाठीत किंवा काखेत गाठी असताना तोच क्रम एरवीही योग्य असतो. ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय त्यांची केमो ९० दिवसांपलीकडे गेली तर जगण्याची शक्यता घटते, आणि सगळ्यात जास्त नुकसान ट्रिपल निगेटिव्हमध्ये होतं. आधी केमो घेतलेल्या बाईचं ऑपरेशन शेवटच्या केमोनंतर आठ आठवड्यांच्या आत व्हायला हवं. थिएटरची मोजकी स्लॉट उरली असतील तर ती या बायकांसाठी राखून ठेवा.

फक्त वर्षाच्या तपासणीला येणाऱ्या, काही त्रास नसलेल्या बायकांना फोनवर पाहा. त्यांच्याबद्दल एवढंच पुरे.

आता केमो. आठवड्याला एक अशी बारा वेळा द्यायची पॅक्लिटॅक्सेल साथीत बारा प्रवास मागते. त्याऐवजी तीन आठवड्यांनी एकदा असं चार वेळा डोसेटॅक्सेल देता येतं, पण ते पांढऱ्या पेशी जास्त पाडतं, म्हणून सोबत पेशी वाढवणारं इंजेक्शन हवंच. ते केमोनंतर २४ तासांनी द्यायचं, त्याआधी नाही. फिलग्रास्टिम ३०० मायक्रोग्रॅम रोज घ्यावं लागतं. पेगफिलग्रास्टिम ६ मि.ग्रॅ. एकदाच. किंमत जास्त दिसते, पण पाच दिवस दवाखान्यात येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर गावाकडच्या बाईला एकच इंजेक्शन सोयीचं. घरी न्यायचं तर २ ते ८ अंशांत : थर्मासमध्ये बर्फाचा पॅक, मध्ये कापडाची घडी, इंजेक्शन बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही. गोठलेलं इंजेक्शन फेकून द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसीच्या खास फ्रीजमध्ये (आयएलआर) ते ठेवायचं नाही, तिथे लसीशिवाय दुसरं काही ठेवायला परवानगी नसते. साधा फ्रीज, मधला कप्पा, दारात नाही.

केमोच्या आदल्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, तालुक्यातच करून रिपोर्ट मोबाइलवर पाठवला तर एक फुकटचा प्रवास वाचतो. नुसता टीएलसी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा, पाहू नका. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची खरी संख्या काढा : टीएलसी ३,२०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के असतील तर १,२८०. तीन आठवड्यांच्या केमोला साधारण १,५०० आणि प्लेटलेट १ लाख लागतात. म्हणजे या बाईने निघायचं नाही, चार-पाच दिवसांनी रक्त पुन्हा तपासायचं. टीएलसीच्या आकड्यावर ‘ठीक आहे’ म्हणून पाठवलेली बाई नाशिकहून सलाईन न लागता परत येते, आणि पुढच्या वेळी येतच नाही.

साथीत सगळ्यात जास्त घात ताप करतो. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे इमर्जन्सी, आणि पोचल्यापासून एका तासात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. साथीच्या दिवसांत घडतं ते वेगळंच : ताप दिसला की बाईला फीवर क्लिनिककडे वळवतात, स्वॅब घेतात, ‘रिपोर्ट येईपर्यंत घरी थांबा’ सांगतात आणि पॅरासिटॅमॉल देतात. त्याने ताप उतरतो, पण जंतुसंसर्ग तसाच राहतो. म्हणून प्रत्येक बाईच्या केसपेपरला एक कार्ड टाचा. त्यावर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत एवढंच : ‘ही बाई केमोवर आहे. शेवटची केमो तारीख ____. ताप १००.४ किंवा जास्त असेल तर स्वॅब घ्याच, पण रिपोर्टची वाट पाहू नका. आधी सीबीसी आणि ब्लड कल्चर, लगेच अँटिबायोटिक ____ डोस ____. मग या नंबरवर फोन करा.’ रिकाम्या जागा केमो देणाऱ्या डॉक्टरांनीच भरायच्या, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी विचारून. पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅमच्या दोन-तीन व्हायल ग्रामीण रुग्णालयात ठेवल्या तर पहिला डोस १०८ची गाडी येण्याआधीच जातो. घरी थर्मामीटर नसेल तर तो रुग्णालयाने द्यावा. माझ्या मते उपचाराच्या साखळीत याच्याइतकी स्वस्त आणि उपयोगाची वस्तू दुसरी नाही. ‘अंग गरम वाटतंय’ यावर कोणी निर्णय घेत नाही.

ट्रास्टुझुमॅबवर, म्हणजे हर-टूविरुद्धच्या औषधावर, असलेल्या बाईची तारीख एखाद्या आठवड्यापर्यंत हुकली तर नेहमीचाच डोस, म्हणजे किलोमागे ६ मि.ग्रॅ. त्याहून जास्त उशीर झाला तर किलोमागे ८ मि.ग्रॅ.चा लोडिंग (सुरुवातीचा मोठा) डोस पुन्हा द्यावा लागतो. खर्च वाढतो, म्हणून या बायकांच्या तारखा डोळ्यात तेल घालून पाहा. एकूण वर्षभराऐवजी सहा महिने देणं कमी धोक्याच्या बायकांत चालू शकतं. मोठ्या चाचणीचा त्याला आधार आहे, पण तो निर्णय ऑन्कोलॉजिस्टचा. हाडांत पसरलेल्या आजारासाठीचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड महिन्याऐवजी तीन महिन्यांनी दिलं तरी चालतं. केमो पोर्टचं, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या केमोच्या नळीचं, फ्लशिंग (पाणी सोडून साफ ठेवणं) चार आठवड्यांवरून आठ ते बारा आठवड्यांवर नेता येतं. हातातून टाकलेल्या पिक लाइनचं मात्र तसं नाही. तिचं फ्लशिंग आणि ड्रेसिंग दर आठवड्याला. तिच्यासाठी बाईला नाशिकला बोलावू नका, तुमच्याच रुग्णालयात करा.

ऑपरेशनच्या बाबतीत नाशिकने २०२१ चा एप्रिल पाहिला आहे. २१ एप्रिलला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती झाली आणि पुरवठा तुटून पेशंट दगावले. ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरची ओढाताण असताना कर्करोगाचं ऑपरेशन करायचं तर साथीच्या पेशंटपासून पूर्ण वेगळी इमारत हवी : दार वेगळं, कर्मचारी वेगळे, जेवणाची ट्रॉलीसुद्धा वेगळी. हे ठिकाण साथीच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून जाहीर करा. महापालिकेची आणि जिल्ह्याची मोठी रुग्णालयं साथीला दिली जाणार हे गृहीतच धरा. अनुभवी भूलतज्ज्ञ असतील तर स्तन काढण्याचं ऑपरेशन पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक (कण्याशेजारी सुई देऊन तेवढाच भाग बधिर करणं) देऊनही होतं, व्हेंटिलेटर लागत नाही. ऑक्सिजन मात्र हाताशी हवाच. बाईला नुकताच कोविड होऊन गेला असेल आणि गाठ थांबू शकत असेल, तर सात आठवडे थांबावं असा २०२१ मध्ये सल्ला होता, कारण त्याआधी भूल देण्यात धोका जास्त दिसला होता.

ऑपरेशननंतर बाईला ड्रेनसह (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळी-बाटलीसह) लवकर घरी सोडता येतं. रोज सकाळी एकाच वेळी बाटली रिकामी करायची, मि.ली. वहीत लिहायचं. सलग दोन दिवस २४ तासांत ३० मि.ली.पेक्षा कमी आलं की नळी काढायची, आणि ते कळवणसारख्या तालुक्याच्या किंवा तुमच्या रुग्णालयात होऊ शकतं. एकदम पाणी यायचं थांबलं आणि काखेत फुगवटा आला तर नळीत गुठळी अडकली आहे. नळी अंगाजवळ धरून बाटलीच्या दिशेने पिळून काढा. ‘कमी झालं’ म्हणून अशी नळी काढली की आत पाणी साचतं.

रेडिएशनमध्ये २०२० सालाने एक चांगली गोष्ट दिली. त्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत पाच दिवसांत २६ ग्रे (ग्रे हे किरणांचं माप) हे तीन आठवड्यांत पंधरा वेळा दिलेल्या ४० ग्रेइतकंच चालतं असं दिसलं. पेशंट ज्याला लाईट म्हणतात ते सोमवार ते शुक्रवार एका आठवड्यात संपतं. सुरगाणा-पेठच्या बाईला तीन आठवडे नाशिकमध्ये खोली शोधण्याऐवजी एक आठवडा नातेवाइकांकडे राहून भागतं. काखेच्या किंवा गळ्याच्या गाठींनाही लाईट द्यायचे असतील तर तीन आठवड्यांचाच क्रम ठेवणं मला योग्य वाटतं. मधेच कोविड झाला तर क्रम अर्ध्यावर सोडू नका. प्रकृती बरी असेल तर दिवसाचा शेवटचा नंबर देऊन, मशीन पुसून, पूर्ण करता येतो. सत्तरीपुढची बाई, छोटी गाठ, काख स्वच्छ, इआर पॉझिटिव्ह आणि गोळी नियमित घेणारी असेल, तर रेडिएशन टाळण्याबद्दल तिच्याशी मोकळेपणाने बोला.

प्रवासाची व्यवस्था डॉक्टरांच्या सोयीने न लावता रस्त्याने लावा. डे केअरचे वार तालुक्यांवर टाका : सोमवारी सुरगाणा-पेठ, मंगळवारी कळवण-देवळा-सटाणा, बुधवारी मालेगाव-नांदगाव, असे. एका गाडीत तीन-चार जणी येतात, भाडं वाटलं जातं, प्रवासाच्या परवानगीचं एकच पत्र सगळ्यांचं करता येतं. मालेगावसारखं एखादं शहर कंटेनमेंटमध्ये गेलं तर त्या बायकांची यादी रुग्णालयाच्या शिक्क्यासह आधीच पोलिसांना आणि प्रांत कार्यालयाला द्या. चेकपोस्टवर फाइल उघडून समजावण्याची वेळ बाईवर येऊ नये. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये उपचार चालू असलेल्यांची वेगळी यादी करा. रेल्वे बंद झाली की पहिल्या त्याच अडकतात. त्यांच्या उरलेल्या केमो नाशिकमध्ये देता येतील का, हे तिथल्या डॉक्टरांकडून लेखी घेऊन ठेवा : औषध, डोस, किती झाल्या, किती उरल्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका, आधार आणि बायोप्सी रिपोर्टचे स्पष्ट फोटो आरोग्यमित्राकडे आधीच असू द्या.

फोनवरून उपचारांना २५ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी रीतसर मान्यता दिली, पण अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं त्यातून वगळली. म्हणजे मॉर्फिन फोनवर लिहून मिळत नाही. आजार पुढे गेलेल्या, दुखणाऱ्या बायकांना साथीची चाहूल लागताच प्रत्यक्ष बोलावून महिन्याचा साठा द्या, सोबत पोट साफ होण्याचं औषध न विसरता. फुटलेल्या जखमेच्या वासाला मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक करून ड्रेसिंगवर लावता येते. वास गेला की घरातली माणसं जवळ बसतात, बाई जेवते.

आता दाराबाहेर राहिलेल्या बायका. तपासणी शिबिरं साथीत थांबवली तरी चालतील, पण जिला गाठ लागली आहे तिची वाट बंद करू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने २० वर्षं केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं तरी आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीनशिवाय हे होतं. २०२० च्या सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. पुढच्या वेळी अशा फेरीत बायकांना एकच प्रश्न जास्तीचा विचारा, पुरुष माणसं बाजूला असताना : छातीत किंवा काखेत गाठ, बोंडातून रक्त, बोंड नव्याने आत गेलेलं, कातडीला खळी? दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या खुड्यावर जाणाऱ्या बायका हंगाम संपल्याशिवाय येत नाहीत, दुखत नाही म्हणून सांगतही नाहीत. त्यांना ‘हंगामानंतर या’ असं आपण तरी म्हणू नये. अंगावर पाजणाऱ्या आईचा लाल, सुजलेला स्तन अँटिबायोटिकने दोन आठवड्यांत उतरला नाही, तर गळू समजून थांबू नका, तुकडा घ्या. लसीकरणाच्या दिवसांत एक उलटी बाजूही लक्षात ठेवा : ज्या दंडात लस दिली त्या बाजूच्या काखेत काही आठवडे गाठी येऊ शकतात. कर्करोग झालेल्या बाईला लस दुसऱ्या बाजूच्या दंडात द्या.

या सगळ्यासाठी एक वही लागते. प्रत्येक बाईला एक ओळ : नाव, तालुका, दोन फोन नंबर, त्यातला एक शेजाऱ्यांचा किंवा आशाताईंचा, रिसेप्टर, पुढची पायरी आणि तिची शेवटची चालेल अशी तारीख. फक्त ‘पुढची तारीख’ लिहिलीत तर हुकलेली बाई वहीत दिसतच नाही. दर शुक्रवारी ज्यांची शेवटची तारीख पंधरा दिवसांत येते त्यांना फोन. फोन लागला नाही तर त्याच दिवशी आशाताई घरी. साथ ओसरून थिएटर उघडलं की रांग नोंदणीच्या क्रमाने लावू नका, याच शेवटच्या तारखेच्या क्रमाने लावा. आधी केमो संपून ऑपरेशनला थांबलेल्या, मग गोळीवर असूनही गाठ वाढलेल्या, मग सहा महिने पूर्ण होत आलेल्या. गोळीवर गाठ लहान होत असलेली बाई आणखी थोडी थांबू शकते. तसं तिला फोन करून सांगा, नाहीतर आपल्याला विसरले असं समजून ती गोळीही सोडून देते.